गाडी नसलेल्या घरात स्कूटर कोणाची?

पत्र

नमस्कार. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. घरात मी, हे, सासूबाई (वय ७२) आणि चौथीतली मुलगी. पंचवटीतला जुना वाडा सोडून इथे फ्लॅट घेतला, त्याचे हप्ते चालू आहेत. आमच्या जुन्या गाडीची १५ वर्षं भरली. पुन्हा पासिंग, हरित कर, वर इंजिनाचं काम, हा सगळा खर्च ऐकून ह्यांनी ती विकली. तेव्हा वाटलं, चालेल. आता आठ महिने होत आले आणि मी पार थकून गेले आहे.

माझं ऑफिस नाशिकरोडला, बिटको चौकाजवळ. सकाळी द्वारका चौकापर्यंत एक वाहन, तिथून दुसरं. घरी परत यायला साडेसात-आठ. ह्यांची कंपनी अंबड एमआयडीसीत, पाळ्या असतात. कंपनीची बस आहे, पण ती फिरत फिरत जाते म्हणून हे स्कूटर नेतात. मुलीची शाळा इंदिरानगरला, ती व्हॅनने जाते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बसची पायरी चढवत नाही. पूर्वी एकादशीला आम्ही त्यांना काळारामाला न्यायचो, मग त्या जुन्या शेजारणींकडे तासभर बसायच्या. आता म्हणतात, ‘मला कुठे जायचंय? घरूनच नमस्कार करते.’ मध्यंतरी रात्री त्यांना चक्कर आली. हे रात्रपाळीला होते, रिक्षा मिळेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या लोकांना उठवलं.

लग्नकार्याला मोठ्या दिरांची गाडी मागतो. ते नाही म्हणत नाहीत, पण जाऊबाई नंतर बोलून दाखवतात. दीर म्हणतात, ‘कर्ज काढा आणि घ्या गाडी, एवढं काय!’ बँक ६ लाख द्यायला तयार आहे, ९ टक्क्यांनी, ७ वर्षांसाठी. ह्यांचं मन कधी इकडे, कधी तिकडे. मला कार येत नाही, स्कूटर येते. घ्यावी का गाडी? नाही घेतली तर हे असंच चालायचं का? आणि दिरांना काय सांगू?

उत्तर

तुमच्या घरापासून अंबड एमआयडीसी फार तर तीन-चार किलोमीटर. बिटको त्याच्या तिप्पट लांब, तेही द्वारकेला वाहन बदलून. आणि घरातली एकुलती एक स्कूटर रोज अंबडला जाते. गाडी घेण्याच्या प्रश्नाकडे मी येते, पण आधी इथेच थांबू. तुमचा थकवा गाडी गेल्यामुळे आहे हे खरं. पण त्याहून जास्त तो गाडी गेल्यावर घरातली वाहनं आणि पैसे नव्याने वाटून न घेतल्यामुळे आहे, असं मला तुमच्या पत्रावरून स्पष्ट दिसतं.

घरातून गाडी जाते तेव्हा तिची उणीव सगळ्यांना सारखी सोसावी लागत नाही. तुमच्या यजमानांचा दिवस आठ महिन्यांपूर्वी होता तसाच आजही आहे. तुमचा दिवस मात्र दोन्ही टोकांनी लांबला. आणि सासूबाईंनी तर घराबाहेर पडणंच सोडलं. त्या तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांचं काही अडलेलं नाही असं समजू नका. म्हातारं माणूस ‘मला कुठे जायचंय’ म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा त्याने मनातल्या मनात रिक्षाचं भाडं मोजलेलं असतं, आणि आपल्यासाठी सुनेला सुट्टी काढावी लागेल हेही. तुमच्या यजमानांनी हे जाणूनबुजून केलेलं नाही, अशी माझी खात्री आहे. पूर्वी स्कूटर त्यांची होती आणि गाडी सगळ्यांची होती. गाडी गेली, स्कूटर त्यांचीच राहिली, आणि कुणी हा विषयच काढला नाही. तो तुम्ही काढा.

कसा काढायचा तेही सांगते. ‘मला त्रास होतो’ इथून सुरुवात करू नका, त्यावर ‘मग गाडीच घेऊ’ हे उत्तर तयार असतं. थेट म्हणा, ‘उद्यापासून स्कूटर मी नेते, तुम्ही कंपनीची बस धरा.’ बस फिरत जाते, त्यांचा पाऊण तास जास्त जाईल, पण तुमचा त्याहून जास्त वाचेल. पहिल्या पाळीला पहाटे फार लवकर निघावं लागत असेल तर तेवढ्या कोरड्या दिवसांत सायकल आहेच. तीन-चार किलोमीटरला सायकल म्हणजे वीस मिनिटं. अमेरिकेची रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत २०१५ साली पूर्ण करणारे पहिले भारतीय, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ, नाशिकचेच. इथे कंपनीच्या गेटवर सायकलने आलेल्या माणसाला कुणी हलकं समजत नाही. एकच अट घाला: रात्रपाळीला सायकल नको. एमआयडीसीच्या रस्त्यांवर रात्री अवजड ट्रक असतात, कडेला उभे केलेले ट्रेलर अंधारात दिसत नाहीत. रात्री बसच.

आता तुमचा नाशिकरोडचा रस्ता. स्कूटर हाती आली तरी ती रोज न्यायलाच हवी असं नाही. पाथर्डी फाटा ते द्वारका महामार्गाची वाहतूक आणि पुढे पुणे रोडची गर्दी, त्यात रोज दोन्ही वेळा स्कूटर चालवणं हीसुद्धा दगदगच. सिटीलिंकच्या, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेच्या, अ‍ॅपवर बस कुठपर्यंत आली ते दिसतं. घरातून निघण्याआधी ते बघायची सवय लावा, म्हणजे थांब्यावरचा वेळ घरात मुलीच्या डब्यासाठी मिळेल. आपल्या वेळेला थेट बस आहे का ते एकदा नीट तपासा. आठ महिन्यांपूर्वी नव्हती म्हणून आजही नसेल असं नाही, वेळापत्रक बदलत असतं. थेट बस नसेल तर द्वारकेला बदलावं लागणारच. तिथे घाईत चौक ओलांडू नका. पुणे रोडकडे जाणारं वाहन ज्या बाजूला थांबतं त्याच बाजूला उतरवणारी रिक्षा किंवा बस पकडा, भले ती पाच मिनिटं उशिरा असेल. द्वारकेच्या चौकात चालणाऱ्या माणसासाठी गाड्या थांबत नाहीत, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

शेअर रिक्षा सकाळी ठीक. संध्याकाळी अंधार पडल्यावर मात्र एक नियम पाळा: रिक्षात आधीपासून बसलेली माणसं चालकाच्या ओळखीची वाटली तर ती सोडा, पुढची धरा. चालकाच्या शेजारी चौथ्या सीटवर तर कधीच बसू नका. रिक्षाला तीनच प्रवाशांची परवानगी असते, आणि वळणावर पहिला बाहेर फेकला जातो तो चौथा. पाथर्डी गाव-वडनेर-विहितगाव हा रस्ता जवळचा पडतो म्हणून कुणी सुचवेल. दिवसा तो चांगला आहे. दिवस मावळल्यावर लांबच लांब माणूस दिसत नाही, वर बिबट्याची भीती. एकट्याने स्कूटरवर तिकडून येऊ नका, मग द्वारकेच्या गर्दीत अर्धा तास गेला तरी चालेल.

पैशांकडे येते. ६ लाख, ९ टक्के, ७ वर्षं, म्हणजे हप्ता ९,६५० रुपयांच्या आसपास बसेल. सात वर्षांत बँकेला ८ लाख ११ हजार जातील, त्यात व्याजच दोन लाखांच्या वर. पेट्रोलचा लिटर शंभरच्या पुढे आहे. महिन्याला ५०० किलोमीटर गाडी फिरली आणि लिटरला १५ चं अ‍ॅव्हरेज पडलं तर साडेतीन हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे महिन्याला निदान दोन हजार बाजूला काढावे लागतात. बेरीज १५ हजारांच्या थोडी वर जाते. दिवसाला ५०० रुपये. पेट्रोल सोडलं तर त्यातले जवळजवळ चारशे गाडी हलली तरी आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली तरी. तुमच्या घरी ती बहुतेक दिवस उभीच राहील. यजमानांची कंपनी चार किलोमीटरवर, तुम्हाला चालवता येत नाही, मुलीला व्हॅन आहे.

तरीही घराघरांत गाडी ‘परवडते’ आणि रिक्षा ‘महाग’ वाटते, याला कारण आहे. गाडीचा हप्ता खात्यातून आपोआप जातो, तो हातातून सुटताना दिसत नाही. रिक्षावाल्याच्या हातावर दोन-अडीचशे ठेवताना मात्र जीव खालीवर होतो. मग आपण ‘आज नको, पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणतो. डॉक्टरकडचा फेरा पुढे ढकलतो. भर उन्हात दोन पिशव्या घेऊन चालत येतो. गाडी नसलेल्या घरांमध्ये मी सर्वांत जास्त नुकसान याच सवयीने झालेलं बघितलं आहे. वाचलेला पैसा कुणाच्या तरी गुडघ्यातून, कमरेतून, झोपेतून वसूल होत असतो, आणि ते कुणीतरी म्हणजे घरातली बाई किंवा म्हातारं माणूस. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: पंधरा हजार वाचवायचे नाहीत, त्यातले सहा हजार खर्च करायचेच आहेत, असं ठरवा. पगार झाला की सहा हजार वेगळ्या खात्यात टाका. हे पैसे फक्त रिक्षा, टॅक्सी आणि भाड्याच्या गाडीचे. महिनाअखेरीला उरले तर किराण्यात घालायचे नाहीत, पुढच्या महिन्यात चालवायचे. आणि या पैशांवर पहिला हक्क सासूबाईंचा.

त्यांच्यासाठी एक रिक्षावाला बांधून घ्या. तुमच्या भागातल्या स्टँडवर दोन-तीन जणांशी बोला. वयाने थोडा मोठा, शांत, घाई न करणारा माणूस बघा. महिन्यात दोन एकादश्या आणि एखादा दवाखाना, एवढं काम त्याला सांगा. जाण्यायेण्याचं आणि मधल्या थांबण्याचं भाडं आधीच ठरवा, दर वेळी घासाघीस नको. मीटर की ठरलेली रक्कम या वादात पडू नका. ठरलेला माणूस, ठरलेली रक्कम आणि ठरलेली वेळ असली की म्हातारं माणूस निर्धास्त होतं, ‘आपण कुणाला त्रास देतोय’ हे त्याच्या मनातून जातं. पाय ठेवायला खाली एक छोटा लाकडी पाट रिक्षात ठेवायला सांगा, गुडघ्याला फार सोपं जातं. उतरताना हात द्यायचा, एवढं त्याला एकदा दाखवून द्या. पंचवटीत तर रिक्षा गाडीपेक्षा बरी. त्या गल्ल्यांमध्ये चारचाकी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो, रिक्षा सोडून पुढे निघून जाते आणि फोन केला की परत येते. फक्त चैत्रातली कामदा एकादशी टाळा. त्या दिवशी रामरथ आणि गरुडरथ निघतात, रस्ते बंद असतात आणि गर्दीत त्यांना उभं राहवणार नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं, की त्या दिवशीही पंचवटीचा बेत रद्द. घाटाकडचे रस्ते कधी पाण्याखाली जातील सांगता येत नाही.

तुम्हाला बरोबर जायची गरज नाही, हेही लक्षात घ्या. सासूबाईंना सोबत हवी आहे ती तिथल्या शेजारणींची. रिक्षा त्यांना तिथे पोचवते आहे आणि परत आणते आहे, एवढं पक्कं झालं की तुमची रजा वाचेल आणि त्यांचं ते संकोचणंही. पहिल्या वेळी यजमानांना बरोबर पाठवा. आई त्यांची आहे.

रात्रीच्या प्रसंगाबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण कर्ज काढायच्या विचारामागे तुमच्या मनात खरी भीती तीच आहे. ती रात्र पुन्हा डोळ्यांसमोर आणा आणि खाली गाडी उभी आहे असं समजा. यजमान रात्रपाळीला. चावी टेबलावर. चालवणार कोण? त्या रात्री गाडी असूनही तुम्ही खालच्या मजल्यावरच्यांनाच उठवलं असतं. म्हणून ही भीती गाडीने जाणार नाही. ती तयारीने जाईल, आणि तयारीला एक रविवार पुरतो.

पहिलं, १०८. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून चालू आहे, मोफत आहे, आणि तिच्यात डॉक्टर आणि प्राणवायू असतो. छातीत दुखणं, एका बाजूचं अंग लुळं पडणं, शुद्ध हरपणं, यांपैकी काही झालं तर स्वतःची गाडी दारात असली तरी आधी १०८ लावा, कारण वाटेत उपचार सुरू होणं तिथे जास्त मोलाचं असतं. फोनवर पत्ता सांगताना माणूस गोंधळतो. इमारतीचं नाव, जवळची मोठी खूण, फाट्यावरून कोणत्या बाजूला वळायचं, हे मोठ्या अक्षरांत लिहून दरवाज्यामागे चिकटवा. मुलीलाही ते वाचून दाखवायला शिकवा, चौथीतली मुलगी हे नीट करू शकते. १०८ पोहोचेपर्यंत कुणीतरी खाली गेटवर उभं राहायला हवं, वॉचमनला हे आत्ताच सांगून ठेवा.

दुसरं, जवळचं कोणतं रुग्णालय रात्रभर उघडं असतं आणि तिथे रात्री डॉक्टर हजर असतो का, हे दिवसा स्वतः जाऊन विचारून या. फलकावर ‘२४ तास’ लिहिलेलं पुरेसं नाही. सरकारी सोय हवी असेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आहे. तुमच्या ऑफिसच्या बाजूला महापालिकेचं बिटको. सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी, जुने रिपोर्ट, आधार आणि विम्याचं कार्ड एका पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला.

तिसरं, ते खालच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांच्याकडे मिठाई घेऊन जा आणि त्या रात्रीसाठी धन्यवाद द्या. मग सरळ विचारा: ‘पुन्हा कधी तशी वेळ आली तर तुम्हाला उठवलं तर चालेल का?’ बहुतेक माणसं आनंदाने हो म्हणतात. रात्री दोन वाजता दार वाजवणं आणि आधी विचारून ठेवून दार वाजवणं यात मदत मागणाऱ्याच्या मनावरच्या ओझ्याचा फार फरक असतो. बदल्यात तुम्हीही काही द्या. त्यांची मुलं शाळेतून आली की तुमच्या सासूबाई घरी असतातच. त्यांनाही घरात कुणाची तरी वाट बघायला मिळेल.

सामानसुमानाचं फार लिहीत नाही. सिलिंडर घरी येतो, किराणावाला यादी पाठवली की पोतं पोचवतो, भाजीची हातगाडी दारात येते. वर्षाचे गहू भरत असाल तर सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून एकच छोटा हत्ती करा. पावसाळ्यासाठी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक कोरडा ड्रेस आणि चप्पल ठेवा, आणि छत्रीवर विसंबू नका. पँट आणि जॅकेट वेगवेगळं असलेला रेनकोट घ्या.

लग्नकार्य आणि बाहेरगाव. दिरांची गाडी मागणं आजपासून बंद करा. जाऊबाई बोलून दाखवतात यात त्यांचंही काही चुकत नाही. दुसऱ्याची गाडी वापरली की तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा तुमच्या नावावर लागतो. निफाडला किंवा येवल्याला लग्न असेल तर ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी करा. किलोमीटरचा दर, दिवसाचं किमान किलोमीटर किती धरणार, टोल-पार्किंग कुणाचं, ड्रायव्हरचा भत्ता किती, एवढे चार प्रश्न आधी विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. सात सीटची गाडी केली आणि नणंदेचं किंवा मावशीचं कुटुंब वाटेत घेतलं तर खर्च निम्मा होतो. लग्नात साडी नेसून, दागिने घालून एसटीत उभं राहायची गरज नाही, तो खर्च त्या सहा हजारांतूनच करा आणि मनाला लावून घेऊ नका.

साध्या प्रवासाला मात्र एसटी उत्तम. १७ मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून मोफत, आणि ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं. म्हणजे तुम्ही आणि सासूबाई दोघी अर्ध्या भाड्यात जाल, त्यांचं आधार कार्ड बरोबर असू द्या. ही सवलत एसटीची आहे, सिटीलिंकची नाही, यात खूप जणांची गल्लत होते. मुंबईला जायचं असेल तर नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस. घाटात गाडी चालवून दमण्यापेक्षा सासूबाईंना ती कितीतरी सोसवेल.

मुलीचं एक. तिच्या वर्गात ‘तुमच्याकडे कोणती गाडी?’ हा प्रश्न येत असणार, कधी घरी येऊन ती सांगत असेल, कधी नसेल. तिला ‘आपल्याला परवडत नाही’ म्हणू नका, ते खरंही नाही. ‘जुनी गाडी झाली म्हणून विकली, आता आपण घराचे हप्ते फेडतोय, लांब जायचं असेल तेव्हा गाडी करतो’ हे तिला समजतं. लपवायचं काही नाही हे तुमच्या आवाजावरून तिला कळलं की ती वर्गात तेच बोलेल.

दोन गोष्टी गाडी घेतली नाही तरी करा. एक, तुम्ही कार चालवायला शिका. लर्निंग लायसन्सची परीक्षा आधारवरून घरबसल्या देता येते. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. पुढे कधी गाडी घ्यायची ठरली तर ती फक्त एका माणसाच्या पाळीप्रमाणे उभी राहणार नाही. दोन, तुमच्या थांब्यावर शेड नसेल, फुटपाथवर खोदून ठेवलं असेल, तर महापालिकेकडे लेखी तक्रार करा आणि सोसायटीतल्या बायकांच्या सह्या घ्या. शहर बससेवा महापालिकेने ८ जुलै २०२१ पासून चालवायला घेतली, म्हणजे थांबाही तिचा आणि त्याच्यापर्यंत चालत जायचा फुटपाथही तिचाच. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले होते. त्या मेट्रोतून आजवर कुणी ऑफिसला गेलेलं नाही. बस आणि फुटपाथ आज लागतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला चढता येईल अशी पायरी आणि बसायला एक बाक मागणं हा आपला हक्क आहे, आणि तो मागायला आपण फार भिडस्तपणा करतो, याचं मला वाईट वाटतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझ्या मते आत्ता गाडी घेऊ नका. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी शहरात ठिकठिकाणी रस्ते उकरलेले आहेत, आणि २०१५ चा अनुभव असा की पर्वणीच्या दिवसांत खासगी गाड्या लांब अडवतात, शेवटी सगळ्यांना चालावंच लागतं. पण ‘कधीच घेऊ नका’ असं मी म्हणणार नाही. सासूबाईंना रिक्षात चढणंही जमेनासं झालं, किंवा आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात न्यायची वेळ आली, किंवा तुमची बदली बसच्या वाटेबाहेर झाली, तर गाडी घ्या, आणि तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नका. फक्त तेव्हाही ६ लाखांचं कर्ज नको. तीन-चार वर्षं वापरलेली, ओळखीच्या मेकॅनिकने तपासलेली छोटी गाडी बघा, जिचा हप्ता घराच्या हप्त्यावर स्वार होणार नाही. तोवर तुमचं लायसन्सही हातात आलेलं असेल.

मोठ्या दिरांना यजमानांनीच सांगू द्या, तुम्ही नको. सुनेने सांगितलं तर त्याचा अर्थ वेगळा लावला जातो, सख्ख्या भावाने सांगितलं की विषय संपतो. एवढंच म्हणायचं: ‘दादा, घराचे हप्ते निम्मे होईपर्यंत गाडी घेत नाही. आणि तुझी गाडी आता मागणार नाही, आम्ही भाड्याने करू. तू इतके दिवस दिलीस, खूप सोय झाली.’ त्यावर ते ‘अरे, परकं समजतोस का’ म्हणतील. तेव्हा यजमानांनी हसून सांगावं, ‘नाही रे, पुढच्या लग्नाला तुम्हीच आमच्या भाड्याच्या गाडीत बसा.’